मुठीएवढे इंजिन आणि घरातला पंधरा वर्षांचा मुलगा

आमच्या शाळेतील नववीचा एक विद्यार्थी मोठ्या भावाची मोटारसायकल घेऊन हैदराबाद रस्त्यावर गेला आणि पाय दोन ठिकाणी मोडून परत आला. मागे बसलेल्या मुलाच्या डोक्याला आठ टाके पडले. दोघांचे जीव वाचले, ही अल्लाहची मेहेरबानी. आम्ही दवाखान्यातून घरी आलो, हात-पाय धुतले, दस्तरखानावर बसलो, आणि आमच्या मुलाने विचारले, "अब्बू, मला गाडी कधी शिकवणार? वर्गातल्या निम्म्या पोरांना येते."

मुलगा तेव्हा पंधरा वर्षांचा होता. आम्ही त्याला कायदा सांगितला. गिअरच्या मोटारसायकलचा परवाना 18 वर्षे पूर्ण झाल्यावर मिळतो. 16 व्या वर्षी मिळतो तो फक्त 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या 25 वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. त्याने सगळे ऐकून घेतले आणि काहीच बोलला नाही. पालकांना ठाऊक आहे, भांडणाऱ्या मुलापेक्षा गप्प बसणाऱ्या मुलाची धास्ती जास्त असते.

पुढचे काही दिवस आम्ही त्याच्याकडे लक्ष ठेवले. तो शाळेतून सुटला की मोहल्ल्यातल्या मिस्त्रीचाचांच्या गॅरेजसमोर उभा राहायचा. कोणी कार्बोरेटर उघडला की याची मान आत. तेव्हा आमच्या ध्यानात आले की या मुलाला कुठे जायचे नाही, त्याला इंजिन हवे आहे. मग रस्त्यावर न जाता इंजिन कसे देता येईल?

उत्तर त्याच्या पुण्याच्या मामूंनी दिले. त्यांच्या ओळखीच्या एकाकडे इंधनावर चालणारी रिमोटची गाडी विकायला होती. खेळण्यातली सेलवरची नव्हे, तर खरे इंजिन, खरा धूर, खरा आवाज असलेली. किंमत 9 हजार रुपये. घरात दोन रात्री चर्चा झाली. अम्मीचे म्हणणे होते की एवढ्या पैशांत घरातली कितीतरी कामे होतील, आणि हौस कुठे संपते व उधळपट्टी कुठे सुरू होते हे आधी ठरवा. तिचे म्हणणे रास्त होते. म्हणून आम्ही वहीच्या पानावर तीन अटी लिहिल्या. इंधन कुलपात राहील आणि किल्ली आमच्याकडे असेल. मोठे माणूस सोबत नसताना गाडी सुरू होणार नाही. प्रत्येक रुपयाचा हिशेब त्याच वहीत लिहिला जाईल. मुलाने खाली सही केली आणि गाडी घरी आली.

आम्ही उर्दू आणि मराठी शिकवणारी माणसे. इंजिनातले आम्हाला काही कळत नव्हते. गेल्या वर्षभरात जे चुकतमाकत शिकलो, ते कोणा पालकाला, कोणा मुलाला उपयोगी पडेल म्हणून इथे लिहीत आहोत.

ही गाडी चालते कशी?

इंधनावरच्या रिमोट गाड्या मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. एक मोठ्या, खऱ्या गाडीच्या एक पंचमांश मापाच्या. त्यांत 23 ते 30 सीसीचे इंजिन, स्पार्क प्लग आणि ऑइल मिसळलेले साधे पेट्रोल असते. त्या महाग आणि जड असतात. दुसऱ्या लहान, एक दशांश किंवा एक अष्टमांश मापाच्या. यांना 'नायट्रो' गाड्या म्हणतात. आमची गाडी एक दशांश मापाची, म्हणजे साधारण हातभर लांब आणि दोन किलो वजनाची. तिचे इंजिन 3 सीसीचे आहे, मुठीत मावेल एवढे. पण ते मिनिटाला 30 हजार फेरे घेऊ शकते, म्हणजे सेकंदाला 500. मोटारसायकलचे इंजिन जोरात पळतानाही साधारण 8-10 हजारांच्या आसपास असते.

हे इंजिन टू-स्ट्रोक असते. बजाज चेतक, लूना, राजदूत ज्यांनी चालवली आहे त्यांना वेगळे सांगायला नको. पंपावर पेट्रोलसोबत टू-टी ऑइल घालायचो, कारण या इंजिनात वंगणासाठी वेगळी सोय नसते. ऑइल इंधनातूनच जाते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे हिच्यावरच सगळे अवलंबून आहे.

नायट्रो गाडीचे इंधन मात्र पेट्रोल नसते. ते मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि वंगण तेल यांचे मिश्रण असते. तेल एरंडेलाचे किंवा कृत्रिम असते. नायट्रोमिथेनच्या रेणूत स्वतःचाच ऑक्सिजन असतो, म्हणून त्याला जळायला हवा कमी लागते. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे पावणेपंधरा भाग हवा लागते, मिथेनॉलला साडेसहा, तर नायट्रोमिथेनला दोन भागांहूनही कमी. तेवढ्याच जागेत जास्त इंधन जाळता येते, म्हणून एवढ्याशा इंजिनात एवढा जोर.

आणखी एक गंमत प्लगची. यात ठिणगी पडत नाही. प्लगमध्ये प्लॅटिनमयुक्त तारेचे छोटे वेटोळे असते. सुरू करताना दीड व्होल्टच्या सेलने ते लाल करायचे. इंजिन एकदा चालू झाले की सेल काढून घ्यायचा. मिथेनॉलची वाफ प्लॅटिनमला लागली की तार आपोआप तापलेली राहते. प्लॅटिनमचा हा गुण हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाला 1817 च्या सुमारास सापडला होता. अमेरिकेतील रे आर्डेन यांनी 1947 च्या सुमारास त्यावर चालणारा प्लग बाजारात आणला आणि छोट्या इंजिनांना जड बॅटरी वाहण्याची गरज उरली नाही. मुलाने हे आपल्या विज्ञानाच्या बाईंना सांगितले, तेव्हा त्यांनी त्याला वर्गात उभे करून पुन्हा सांगायला लावले. त्या दिवशी तो घरी उड्या मारत आला होता.

घेण्याआधी स्वतःला विचारा

प्रामाणिकपणे सांगायचे तर, ज्याला फक्त गाडी पळवायची आहे त्याने बॅटरीची गाडी घ्यावी. आजच्या चांगल्या बॅटरी-गाड्या वेगात कमी नाहीत, आवाज करत नाहीत, बटण दाबले की चालतात. इंधनाची गाडी त्याच्यासाठी आहे ज्याला पाना हातात धरायला आवडतो, हात तेलकट झाले तरी चालतात आणि दहा मिनिटे पळवण्यासाठी तासभर साफसफाई करण्याचा सबर आहे. आमच्या हिशेबाने एका रविवारात गाडी वीस मिनिटे चालते आणि दोन तास उघडलेली असते. हे ऐकून मुलाचे तोंड वाकडे झाले, तर पैसे वाचवा.

दुसरा प्रश्न जागेचा. गच्ची, गल्ली, सोसायटीचे आवार, यांपैकी काहीही चालणार नाही. आवाज दूरवर जातो आणि धूर डोळ्यांना झोंबतो. आम्हाला शहराबाहेर ओळखीच्या एका गृहस्थांचा रिकामा प्लॉट मिळाला. त्यांची रीतसर परवानगी घेतली. आसपास शाळा, दवाखाना, मशीद, मंदिर नाही, हे पाहिले. असर ते मगरिब ही आमची वेळ.

तिसरा प्रश्न खर्चाचा. आमच्या वहीतले आकडे असे. वापरलेली गाडी 9 हजार. इंधन लिटरला 1,600 रुपये. टाकी 75 मिलीची, म्हणजे लिटरमध्ये तेरा टाक्या; एका टाकीला साधारण 123 रुपये आणि ती चालते आठ ते दहा मिनिटे. रविवारी दोन टाक्या म्हटल्या तर महिन्याला हजार रुपये केवळ इंधनाचे. शिवाय प्लग जातात, टायर झिजतात, कुठे आदळली की सस्पेन्शनची दांडी मोडते. म्हणून गाडी घेताना आधी विचारा, तिचे सुटे भाग मिळतात का? स्वस्तात मिळालेली, पण जिचे भाग कुठेच मिळत नाहीत अशी गाडी पहिल्या धडकेनंतर कपाटावर शोभेला राहते.

गाडीखेरीज लागणारे सामान: प्लग तापवायचा इग्नायटर, तोटीची इंधनाची बाटली, प्लगचा पाना, ॲलन कीचा संच, दोन-तीन जादा प्लग, एअर फिल्टरचे तेल, काम संपल्यावर इंजिनात घालायचे ऑइल, जुना टूथब्रश, जाड फडके, आणि जमल्यास तापमान मोजायची गन. सोबत पाण्याची बादली आणि वाळूचा डबा. हे शेवटचे दोन आम्ही कधीही विसरत नाही. का ते आता सांगतो.

इंधन: हा भाग दोनदा वाचा

या छंदातला सर्वांत मोठा धोका वेगाचा नाही, बाटलीचा आहे. मिथेनॉल हे जालीम विष आहे. 2015 साली मुंबईतील मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे गेली, ती याच मिथेनॉलमुळे. थोडेसे पोटात गेले तरी डोळे जाऊ शकतात, जीव जाऊ शकतो. ते कातडीतूनही शरीरात शिरते, वाफही वाईट.

आपल्या घरांत एक सवय असते. कोल्ड्रिंकची रिकामी बाटली धुऊन तिच्यात रॉकेल, फिनेल, काहीही भरून ठेवायचे. हे इंधन बहुधा रंगीत असते, गुलाबी, निळे, हिरवे. सरबतासारखे दिसते. आमची धाकटी सहा वर्षांची आहे. पहिल्याच आठवड्यात मुलाने उरलेले गुलाबी इंधन पाण्याच्या बाटलीत ओतून दारामागे ठेवले होते. धाकटीने ती उचलून विचारले, "हा रूह अफ्झा कुणाचा?" अम्मी तिथेच होती, म्हणून निभावले. त्या रात्री आम्हाला कोणालाच झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी लोखंडी पेटी आणि कुलूप आले.

तेव्हा नियम असे. इंधन मूळ डब्यातच ठेवावे, लेबलसह. झाकण घट्ट हवे, कारण मिथेनॉल हवेतले पाणी शोषून घेते आणि मग इंजिन नीट चालत नाही. डबा घराबाहेर, सावलीत, कुलपात ठेवावा. भरताना हातात मोजे घालावेत. तोंडाने नळी ओढणे तर कधीच नाही. चुकून कोणाच्या पोटात गेलेच, तर लक्षणांची वाट न पाहता डबा सोबत घेऊन थेट मोठा दवाखाना गाठावा. नशा उतरल्यासारखे वाटून माणूस बरा दिसतो आणि काही तासांनी दृष्टी अंधुक होऊ लागते, हीच यातली फसगत.

मिथेनॉल 11 अंश सेल्सिअसलाही पेट घेण्याजोगी वाफ सोडते. आमच्या सोलापुरात 11 अंश कधी असतात? म्हणजे ते बारा महिने पेटायला तयारच. त्यातून त्याची ज्योत भर उन्हात जवळजवळ दिसत नाही. हात भाजला की कळते, आग लागली. ही आग पाण्याने विझते, कारण मिथेनॉल पाण्यात मिसळते. म्हणून बादली. जवळ विडी-सिगारेट नको आणि तापलेल्या इंजिनावर इंधन सांडू नये. रेल्वेतून असे ज्वलनशील पदार्थ नेणे गुन्हा आहे, विमानातही चालत नाही. आणि कच्ची रसायने आणून घरी मिश्रण करण्याचा विचार मनातही आणू नका. छंदाच्या दुकानात तयार मिळते तेच घ्यावे.

पहिला दिवस, तुटलेली दोरी

पहिल्या रविवारी मोठ्या उत्साहाने मैदानावर गेलो. गाडीला लॉन मूव्हरसारखी ओढायची दोरी असते. मुलाने जोर लावून दोरी पूर्ण ओढली, एकदा, दोनदा, वीसदा. एकविसाव्या वेळी दोरी त्याच्या हातात आली आणि गाडी जागेवर. पहिला रविवार संपला.

सोमवारी संध्याकाळी गाडी घेऊन मिस्त्रीचाचांकडे गेलो. चाचांनी चाळीस वर्षे स्कूटर दुरुस्त केल्या आहेत. त्यांनी गाडी उलटीपालटी करून पाहिली आणि हसले. "मास्टर, ये तो चेतक का बच्चा है." मग मुलाला जवळ बसवून समजावले. दोरी वीतभरच ओढायची, झटक्याझटक्याने. प्लग नीट लाल होतो का, हे आधी पाहायचे. इंधन कार्बोरेटरपर्यंत पोहोचले का, ते नळीत दिसते. आणि दोरी अचानक घट्ट झाली तर जोर लावायचा नाही. सिलिंडरमध्ये इंधन भरलेले असते, ते दाबले जात नाही. प्लग काढा, वरून फडके धरा, दोरी चार वेळा ओढा. जादा इंधन बाहेर येईल. जोर लावाल तर कनेक्टिंग रॉड वाकेल.

सुरू करण्याचा क्रमही त्यांनीच पाठ करून घेतला. आधी हातातला रिमोट चालू, मग गाडीतला रिसीव्हर. बंद करताना उलट, आधी गाडी, मग रिमोट. क्रम चुकला तर गाडीला हुकूम देणारे कोणी राहत नाही आणि ती मनाला येईल तिकडे पळते. रिसीव्हरमध्ये 'फेलसेफ' नावाची सोय असते. सिग्नल तुटला की गाडी आपोआप ब्रेक लावते. ती नीट लावून घ्यावी आणि दर वेळी चाके जमिनीवरून उचलून तपासावी. रिसीव्हरचे सेल ताजे हवेत. इंजिन तातडीने बंद करायचे असेल तर इंधनाची नळी चिमटीत धरायची किंवा जाड फडक्याने सायलेन्सरचे तोंड दाबायचे. उघड्या बोटाने नव्हे, तिथे चटका बसतो.

नवे इंजिन पिकू द्या

ज्यांनी जुन्या काळी नवी स्कूटर घेतली, त्यांना 'रनिंग' आठवत असेल. पहिले हजार किलोमीटर चाळीसच्या वर जायचे नाही. या छोट्या इंजिनालाही तेच लागते.

याच्या सिलिंडरची नळी पितळेची, आतून क्रोमचा मुलामा दिलेली असते, आणि पिस्टन ॲल्युमिनियमचा. नळी वरच्या टोकाला किंचित निमुळती असते. थंड असताना पिस्टन वर जाऊन घट्ट बसतो, इतका की नव्या इंजिनाची दोरी ओढवत नाही. तापले की पितळ प्रसरण पावते आणि दोघांचे जमते. हे जमणे पहिल्या पाच टाक्यांत घडते. म्हणून पहिल्या टाकीला गाडी नुसती हळूहळू फिरवायची, मिश्रण इंधनाने भरपूर ठेवायचे, भरपूर धूर निघू द्यायचा. प्रत्येक टाकीनंतर इंजिन पूर्ण थंड होऊ द्यायचे, आणि तेव्हा पिस्टन खाली असावा. वर राहिला तर आकुंचन पावणारी नळी त्याला धरून बसते. पुढच्या टाकीला थोडा वेग, त्यापुढे आणखी थोडा. नवे इंजिन सुरू करण्यापूर्वी आम्ही केस वाळवायच्या ड्रायरने ते कोमट करून घेतो.

पाच टाक्या म्हणजे सुमारे पाऊण तास धावणे, मध्ये थंड होण्याची वाट पाहणे. पंधरा वर्षांच्या मुलाला सांगून पाहा, की नवी वस्तू हातात आहे पण आज जोरात पळवायची नाही.

सुईचा एक आठवा फेरा

कार्बोरेटरवर तीन स्क्रू असतात. एक जास्त वेगाची सुई, एक कमी वेगाची सुई आणि एक आयडलिंगचा. सुई उजवीकडे फिरवली की इंधन कमी होते, याला 'लीन' म्हणतात. डावीकडे फिरवली की इंधन वाढते, ते 'रिच'. फेरा एका वेळी एक अष्टमांशापेक्षा जास्त नाही. घड्याळाच्या भाषेत दीड तासाएवढा. फिरवला की गाडी दोन-तीन चकरा पळवून पाहायची, मगच पुढचा.

लीन केले की गाडी जोरात पळते. इथेच सापळा आहे. वंगण इंधनातूनच येते, हे सुरुवातीला सांगितले. इंधन कमी म्हणजे तेल कमी, आणि उष्णता जास्त. म्हणून जोरात पळतानाही मागे निळसर-पांढऱ्या धुराची रेघ दिसलीच पाहिजे. धूर नाही म्हणजे धोका. इंजिनाचे तापमान साधारण 100 ते 120 अंशांत असावे. गन नसेल तर डोक्यावर पाण्याचा थेंब टाकायचा. तीन-चार सेकंद चुरचुरत आटला तर ठीक, पडताक्षणीच उडाला तर इंजिन जास्त तापले आहे. कमी वेगाची सुई तपासायची असेल तर आयडलिंगवर इंधनाची नळी चिमटीत धरा. आवाज वाढून दोन-तीन सेकंदांनी इंजिन बंद पडले तर बरोबर. लगेच बंद पडले तर लीन, बराच वेळ चालत राहिले तर रिच.

हवामानही पाहावे लागते. उन्हाळ्यात हवा विरळ होते, त्यामुळे सुई किंचित आत लागते. थंडीत हवा दाट, सुई बाहेर. जानेवारीत जमवलेली सुई एप्रिलमध्ये तशीच चालत नाही, आणि उलट दिशेची चूक तर इंजिनच खाते.

हे सगळे मुलाला पाठ होते. तरीही तिसऱ्या महिन्यात ते घडलेच. त्या रविवारी आम्ही एका वलीम्याला बार्शीला गेलो होतो. पेटीची किल्ली कुठे असते हे त्याला माहीत होते. चुलतभावाला दाखवायला म्हणून गाडी मैदानावर गेली, आणि "अजून पळत नाही का?" असे त्याने विचारताच सुई अर्धा फेरा आत गेली. गाडी मिनिटभर अशी पळाली, जशी कधी पळाली नव्हती. मग थांबली.

आम्हाला काही कळले नाही. दोन दिवस मुलगा नीट जेवला नाही. तिसऱ्या रात्री तो गाडी घेऊन आमच्यासमोर येऊन बसला आणि दोरी ओढून दाखवली. ती सैल नाडीसारखी हातात आली, कसलाच अडथळा नाही. कॉम्प्रेशन गेले होते. त्याने स्वतःच सगळे सांगितले, किल्लीसकट.

आम्ही ओरडलो. खोटे कशाला सांगावे? पैशापेक्षा सहीचा राग जास्त होता. मग अम्मी म्हणाली, "तो स्वतःहून आला ना? लपवता आले असते त्याला." ते ऐकून आम्ही गप्प झालो. शिक्षा त्यानेच सुचवली. पिस्टन, नळी आणि रॉडचा संच 3,400 रुपयांना आला, तो त्याच्या साठवलेल्या ईदीतून. चाचांच्या हाताखाली बसून त्याने तो स्वतः बसवला. आणि मग पुन्हा पाच टाक्या, पुन्हा हळूहळू. या वेळी आम्हाला एकदाही सांगावे लागले नाही.

चौदा मीटर

नवे इंजिन पिकल्यावर एक दिवस गाडीचा वेग मोजायचे ठरले. शाळेची टेप आणून 50 मीटर मोजले, दोन टोकांना विटा ठेवल्या. गाडीने ते अंतर 3 सेकंदांत कापले. म्हणजे ताशी 60 किलोमीटर.

त्याच दिवशी गाडी परत येताना विटेवर आदळली. पुढचे चाक, दांडी, बंपर, सगळे वेगळे झाले, विटेचे दोन तुकडे. नववीच्या विज्ञानातले गतीचे समीकरण मुलाला येत होते. घरी येऊन त्याने वहीत गणित मांडले: 60 च्या वेगाने आदळणे म्हणजे किती उंचीवरून पडण्यासारखे? उत्तर आले 14 मीटर. चार मजल्यांहून उंच.

थोड्या वेळाने तो वही घेऊन आला. "अब्बू, यात वजन येतच नाही."

"म्हणजे?"

"वजन दोन्हीकडून कटून जाते. गाडी दोन किलोची असो नाहीतर माणूस साठ किलोचा, चौदा मीटरच."

आम्ही काही बोललो नाही. हैदराबाद रस्त्याचे नाव त्यानेही काढले नाही, आम्हीही नाही.

शेवटी थोडे

दिवस संपल्यावर टाकी रिकामी करा आणि इंजिन चालवून नळीतले इंधन संपवा. प्लग काढून दोन थेंब ऑइल टाका, दोरी चार-सहा वेळा ओढा. मिथेनॉल पाणी ओढते, आणि पाण्याने बेअरिंग गंजतात. आमच्याकडची काळी माती पिठासारखी बारीक असते. एअर फिल्टरचा स्पंज दर वेळी धुऊन, वाळवून, तेल लावून बसवा. तेल न लावलेल्या फिल्टरमधून गेलेली धूळ इंजिन आतून घासून टाकते. आणि गाडी पळत असताना सर्वांनी चालवणाऱ्याच्या मागे उभे राहायचे, लहान मुलांनी तर नक्कीच.

आमचा मुलगा आता सोळा वर्षांचा आहे. त्याला मोटारसायकल नको झाली, असे आम्ही म्हणणार नाही. हवीच आहे. पण ती 18 नंतर, आणि पहिल्या हजार किलोमीटरला चाळीसच्या आत, हे तोच आम्हाला सांगतो. हिशेबाची वही चालू आहे. किल्ली अजूनही आमच्याकडे आहे. ती कुठे असते हे त्याला आजही माहीत आहे आणि आम्ही जागा बदललेली नाही.

पाय मोडलेला तो विद्यार्थी आता कुबडीशिवाय चालतो, थोडे लंगडत. दर रविवारी तो मैदानावर येतो. गाडी चालवायला अजून मागत नाही. विटेजवळ स्टॉपवॉच घेऊन उभा राहतो आणि गाडी पुढून गेली की सेकंद ओरडून सांगतो. गेल्या रविवारी मुलाने रिमोट त्याच्या हातात दिला आणि म्हणाला, "आधी हळू. इंजिन अजून थंड आहे."